शूरपालाला कोण उठवतं?

"मग राजा वेडा होतो तो नेमका कुठं, तेवढं सांगा गुरुजी. कोणत्या वाक्याला?"

हेमराजनं उभ्यानंच विचारलं. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा-पायजमा, खिशाला मागच्या वर्षीचं पदक.

डोमाजी गुरुजी अंगणात जाळं सांधत बसले होते. जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं. त्यांनी मान वर केली नाही.

"बस."

"बसायला वेळ नाही जी. परवा मंडईचा खेळ आहे."

"मंग उभा राहा."

मी बसलो. मला त्यांच्यासमोर उभं राहता येत नसे.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. गुरुजींनीच आमची कंपनी उभी केली होती. तीस वर्षं त्यांनी राजाचं काम केलं. गुडघे गेले तेव्हा मुकुट हेमराजच्या डोक्यावर ठेवला आणि आपण तलावावर मासे धरायला परत आले. त्यांच्या घरचा तोच धंदा.

मी कंपनीत पडदा ओढायचो. त्या सकाळी हेमराजला गुरुजींकडे मीच घेऊन गेलो होतो.

"कोणत्या वाक्याला अडतोस?" गुरुजींनी विचारलं.

"अडतो असं कोण म्हणालं?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली पाहिलं.

"फागूभाऊनं सांगितलं वाटते," हेमराज माझ्याकडे बोट करून म्हणाला. "हो, अडलो. दोनदा. शेवटच्या अंकात. कंपनीचा आताचा मालक म्हणतो, तिसऱ्यांदा अडलास तर मुकुट दुसऱ्याला देतो."

ते नाटक आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. राजा कीर्तिध्वज लहान असताना महालाला आग लागते. सेनापती शूरपाल त्याला खांद्यावर घेऊन जाळातून बाहेर काढतो, बापासारखा वाढवतो. पुढं चुगलखोरांचं ऐकून राजा त्याच शूरपालाला आपल्या हातानं मारतो. मग खरं काय ते कळतं आणि राजाला वेड लागतं. शूरपाल पडला होता त्या रिकाम्या जागेजवळ बसून तो म्हणतो, "उठ शूरपाल, सकाळ झाली."

त्या वाक्याला बाया पदर डोळ्यांना लावत. पुरुष बिडी विझवत.

त्याच वाक्याला हेमराजची जीभ टाळूला चिकटली. एकदा नाही, दोनदा. तो नुसता जमिनीकडे पाहत राहिला. लोकांना वाटलं, वा, काय वेड आहे! पण मी विंगेत होतो. मला त्याचे डोळे दिसत होते. दोन्ही वेळा मी पडदा पाडला.

"मला जागा बदलून द्या," हेमराज म्हणाला. "वेड थोडं आधी सुरू केलं तर? हसून करू का? तिकडच्या कंपनीत हसून करतात."

गुरुजींनी एक गाठ मारली. दातानं सूत तोडलं.

"शूरपालाला कोण उठवतं?"

"कोणी नाही. मेलाय तो."

"पडदा पडल्यावर रे."



इथं एक सांगायला हवं. गुरुजींच्या वेळेपासून कंपनीत एक रीत होती. खेळात ज्यानं मारलं, त्यानंच पडदा पडल्यावर मेलेल्याला हात द्यायचा. "उठा दादा" म्हणायचं. आपल्या तांब्यातलं पाणी आधी त्याला पाजायचं. तोवर मेलेल्यानं उठायचं नाही. घाई असो, पाऊस येवो, उठायचं नाही.

"ते मी बंद केलं," हेमराज म्हणाला. "तीन वर्षं झाली."

"काहून?"

"विचार करा गुरुजी. मी त्याला मारलं. पुढच्या अंकात मला त्याचं दुःख व्हायला पाहिजे. अन् मधे मी त्यालाच उठवून पाणी पाजू? तो पाणी पिऊन मला म्हणणार, आज गर्दी चांगली आहे. मंग कुठलं दुःख अन् कुठलं वेड? माझ्यासाठी तो मेलेलाच राहिला पाहिजे. मी सरळ जाऊन खुर्चीवर बसतो. डोळे मिटतो. अपराध पोटात धरून ठेवतो."

"हं..."

"त्याच्यावरच पदक मिळालं मला."

"चांगलं आहे पदक," गुरुजी म्हणाले. "चमकते."

मला हसू आलं. हेमराजला नाही.

"शूरपाल मनिरामच करतो ना अजून?"

"नाही. आता नवा माणूस आहे."

"मनिराम कुठं गेला?"

"घरी आहे. तलावापलीकडं."

"काहून?"

हेमराजनं खिशावरचं पदक सरळ केलं.

"अपघात झाला होता. होळीच्या आधीच्या खेळात. तलवार लागली... लाकडाचीच, पण वरून पत्रा आहे. डावा कान गेला त्याचा."

"कोणाची तलवार?"

कोंबडी अंगणात आली, जाळ्याभोवती फिरली, निघून गेली.

"त्या दिवशी तरी उठवलं?"

"मला कळलंच नाही गुरुजी! रोज तो तसाच पडून राहायचा. मी रीत सोडली, त्यानं सोडली नव्हती. हटून पडायचा, वाट पाहायचा, मंग आपला आपण उठायचा, धूळ झटकायचा. त्या दिवशीही मला वाटलं, रोजचंच आहे. मी खुर्चीवर जाऊन बसलो."

मलाही तसंच वाटलं होतं. मी त्याच्या पायांवरून पलीकडे गेलो होतो, दोर बांधायला. हे मी तेव्हा बोललो नाही.

"भेटायला गेलास?"

"खेळ लागले होते."

"मिरगापासून दिवाळीपर्यंत कोणते खेळ होते?"

हेमराज चिडला.

"मी वेडाच्या प्रवेशाचं विचारायला आलो गुरुजी! तुम्ही भलतंच काढता. एखादी युक्ती असेल तर द्या. नसेल तर नाही म्हणा, मी जातो."

गुरुजींनी अंगठ्यातलं सूत सोडवलं. जाळं नीट बाजूला ठेवलं. मग हळूहळू, गुडघ्यांची समजूत काढत, सारवलेल्या जमिनीवर आडवे झाले. हात पसरले. मान एका बाजूला टाकली.

डोळे मिटले.

"गुरुजी?"

काही नाही.

"गुरुजी, मी काही शिकाऊ राहिलो नाही. उठा."

काही नाही.

हेमराजनं माझ्याकडे पाहिलं. मी कुडाकडे पाहिलं.

ऊन हळूच सरकलं आणि गुरुजींच्या तोंडावर आलं. एक मुंगी कानाच्या पाळीवर चढली. पापणीही हलली नाही. तीस वर्षं राजा झालेला माणूस. पण मरायलाही त्यांना चांगलं येत होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

सुगंधाबाई, गुरुजींच्या घरच्या, सूप घेऊन बाहेर आल्या. थांबल्या.

"आता हे कोणतं सोंग?"

"मेलेत," मी म्हणालो.

"बरं. मंग तांदूळ एका माणसाचे कमी टाकू का?"

मेलेल्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. पुन्हा स्थिर झाला.

"हेमराज," बाई म्हणाल्या, "उठव बाबा त्यांना. मागं एकदा असेच मेले होते, दुपारपर्यंत उठले नाहीत. भात गार झाला."

हेमराजनं हात पुढं केला. "उठा गुरुजी."

हात तसाच हवेत राहिला.

"मेलेला माणूस कुठं हात धरतो?" बाई म्हणाल्या. सूप कमरेवर घेऊन आत गेल्या.

आता त्याला वाकावं लागलं. वाकून होईना, म्हणून गुडघे टेकावे लागले. इस्त्रीच्या पायजम्याला शेण लागलं. त्यानं गुरुजींच्या मानेखाली एक हात घातला, पाठीखाली दुसरा. उचलू लागला. गुरुजींनी अंग मुळीच चोरलं नाही. सगळा भार त्याच्यावर टाकला. त्यांचं डोकं हेमराजच्या खांद्यावर येऊन पडलं.

तो तसाच थांबला.



"उठा..." तो म्हणाला.

आवाज फुटला.

"उठा दादा."

ते वाक्य नाटकातलं नव्हतं. पण मंचावर अडलेला शब्द तोच होता, आणि तो आत्ता सुटला.

गुरुजींनी डोळे उघडले.

"पाणी."

हेमराजनं रांजणातून तांब्या भरून आणला. गुरुजींनी सगळा तांब्या संपवला. तोंड पुसलं. मग दोन्ही हात जोडून शिष्याला नमस्कार केला.

"बरं केलंस बापू. उठवलंस. देव तुझं भलं करो."

हेमराज खाली बसला. आल्यापासून पहिल्यांदाच बसला.

तो जमिनीला सांगावं तसं बोलला.

"तलवार चुकून लागली नाही गुरुजी. म्हणजे... लावायची नव्हती. पण रंगात आलो होतो. हात आवरता आला असता. आवरला नाही. लागली तेव्हा आवाज झाला. खरा आवाज. लोकांनी टाळी दिली. अन् मला..."

"हं..."

"मला बरं वाटलं."

गुरुजींनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"आता त्या जागेवर आलो की मला रिकामी जमीन दिसत नाही. मनिरामदादा दिसतो. पडलेला. मुकुट उतरवला, तेल लावून रंग काढला, तरी दिसतो. जेवताना दिसतो. लोक म्हणतात, काय वेड करतोस! मी करत नाही गुरुजी. ते होऊन राहिलं आहे."

आत कुठंतरी बाई तांदूळ धूत होत्या. पाण्याचा आवाज येत होता.

"मी जातो," हेमराज एकदम म्हणाला. "आत्ताच जातो. त्याच्या पाया पडतो, माफी मागतो."

"नको."

"नको?"

"माफी नको मागू."

"मंग?"

"बारा वर्षं तो तुझ्यासाठी पडला. वर कान दिला. आता माफीही त्यानंच द्यायची?... किती मागशील लेका एका माणसाला?"



"मंग जाऊन सांगू काय?"

गुरुजींनी जाळं पुन्हा अंगठ्यात अडकवलं.

"मी उठल्यावर हात जोडून तुला काय म्हटलं?"

आम्ही जेवून निघालो. बाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तलावाच्या पाळीवरून चालत गेलो. वाटभर हेमराज तोंडातल्या तोंडात पाठ करत होता. नट माणूस. आभाराचे मोठमोठे शब्द होते.

मनिराम खळ्यावर होता. पोत्यावर बसून धान पाखडत होता. आम्हाला पाहिलं, सूप थांबलं नाही.

"या राजे," तो म्हणाला. "फौजफाटा एवढाच आणला का?"

हेमराज त्याच्या शेजारी बसला. मान खाली घालून बोलू लागला. वाटेत पाठ केलेलं सगळं बोलला. थांबत, पुन्हा सुरू करत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोलून संपलं तेव्हा त्यानं मान वर केली.

मनिराम पाखडतच होता.

"काही म्हणालास का?" त्यानं विचारलं. "या बाजूनं ये. त्या कानातली वस्ती उठली."

हेमराज उठून दुसऱ्या बाजूला गेला. आता तेच सगळं पुन्हा बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. मोठा शब्द एकही आला नाही.

"दादा," तो म्हणाला, "तुम्ही पडायचे म्हणून मी उभा दिसायचो."

सूप थांबलं.

मनिरामनं एक दाणा उचलला, नखानं सोलला, तोंडात टाकला.

"बारा वर्षं पडलो," तो सावकाश म्हणाला. "पडणाऱ्याला कोणी टाळी देत नाही. ठीक आहे, ते कामच तसं... कानाचंही काही नाही रे. बायको म्हणते, बरं झालं, आता भांडताना एक बाजू शांत असते."

तो हसला. मग हसणं थांबलं.

"मी तिथं पडलो होतो. डोकं फिरत होतं. सिंहासन ओढत नेलं माझ्या बाजूनं. कोणी पायांवरून गेलं. मी म्हटलं, आता येईल. तीन वर्षं आला नाही, पण आज येईल. आज खरंच लागलं आहे, आज त्याला कळलं असेल... तेवढंच. कानापेक्षा ते जास्त लागलं."

"दादा, मला मा..."

हेमराजनं शब्द गिळला. काहीतरी मागायला आलेलं त्याचं तोंड रिकामंच मिटलं.

"पायांवरून मी गेलो होतो मनिराम," मी म्हणालो. "तू दुखावलास, तरी माझ्या पोरीच्या लग्नाला आलास. मंडपाचे दोर तूच ताणलेस. मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणतो. फार चांगला आहेस तू."

"आता हा एक सुरू झाला," मनिराम म्हणाला. "अरे, दोघं मिळून मला रडवायला आले का? धान ओलं होईल."

त्यानं सूप बाजूला ठेवलं आणि हेमराजपुढं हात केला.

"चल, उठव. बसून बसून कंबर धरली."

हेमराज उठला. त्यानं नुसता हात धरला नाही. खाली वाकला, दुसरा हात पाठीखाली घातला आणि त्याला सांभाळून उभं केलं. जड माणूस आहे मनिराम. पण हेमराजनं घाई केली नाही.

"पाणी कुठं आहे दादा?"

"मडक्यात. पण आधी तू पी. चालून आलास."

"नाही. आधी तुम्ही."

मनिराम प्यायला. मग हेमराज. मग मी. त्या मडक्यातल्या पाण्याची चव मला अजून आठवते. साधंच पाणी होतं.

परतताना दिवस कलला होता. हेमराज पुढं चालत होता, पाठ करणं बंद होतं. मधेच तो एकटाच हसला. पाळीवर एक म्हातारी शेळ्या घेऊन येत होती, तिला त्यानं आपण होऊन रामराम केला. मी त्याला वीस वर्षं ओळखतो. तो आधी रामराम करत नसे.

गुरुजी पाण्यात गुडघाभर उभे राहून जाळं पसरत होते.

"भेटला?"

"भेटला गुरुजी. परवा खेळाला येतो म्हणाला. तिकीट काढणार नाही म्हणाला."

"मंग तो बरा आहे."

हेमराज काठावर उकिडवा बसला. तोंड हलकं झालेलं, धुतल्यासारखं. पण कपाळाला एक आठी होती. मी ती ओळखली. नटाची आठी.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचार."

"आता मला तो पडलेला दिसत नाही. पाळीवरून येताना आठवून पाहिलं. दिसतो तो पाणी पिताना. हसताना..."

"हं."

"छातीवरचा दगड गेला. पण तो दगडच माझं वेड होता. त्याच्यावरच मी तो प्रवेश करत आलो. आता परवा त्या रिकाम्या जागेजवळ बसेन तेव्हा माझ्यापाशी काय असेल? मला तर कोणाचे पाय धरावेत, कोणाकोणाचे उपकार सांगावेत असं होऊन राहिलं आहे. अशा मनानं राजाचं वेड कुठून आणू?"

गुरुजींनी जाळ्याचं शेवटचं टोक पाण्यात सोडलं. ते बुडेपर्यंत पाहत राहिले.

मग शिष्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"बिचारा राजा रे... त्यालाही उपकार सांगायचे असतात, पण त्याचा शूरपाल उठत नाही. त्याला मनिराम कुठून भेटणार?"